फणीबाईंच्या पापण्या

फणीबाईंसमोर डोकं खाजवायची आमची कुणाची हिंमत नव्हती. सकाळच्या प्रार्थनेत एखादीचा हात नकळत कानामागं गेला, की व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज यायचाच, "कोण हाय ती? ये इकडं. खाजवून लपत न्हाई गं, दावल्यानं जातं." मग ती मुलगी खालच्या पायरीवर बसायची, बाई तिच्या मागं वरच्या पायरीवर, आणि अंबाड्यात खोवलेली लाकडी फणी बाहेर निघायची. त्या फणीवरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव ऑफिसच्या दारावर रंगवलेलं होतं, पण ते आमच्या तोंडात कधी बसलं नाही. समोर आम्ही त्यांना 'बाई' म्हणायचो आणि मागं 'फणीबाई'. त्यांना ते माहीत होतं. एकदा एका नव्या मुलीनं चुकून तोंडावरच 'फणीबाई' म्हटलं आणि जीभ चावली. बाई म्हणाल्या, "चावू नको, जिभंत उवा होत न्हाईत."

किनवट तालुक्यातल्या आमच्या मुलींच्या निवासी शाळेत बाई अधीक्षिका होत्या. मूळच्या लातूरकडच्या. लग्न मोडलेलं होतं, असं मोठ्या मुली सांगायच्या. बाई स्वतः त्यावर काही बोलायच्या नाहीत. लातूरला एक धाकटा भाऊ होता. दिवाळीत सगळं वसतिगृह रिकामं झालं की त्या चार दिवस त्याच्याकडं जायच्या, आणि आम्ही परत येण्याआधी परत आलेल्या असायच्या. मी इस्लापूरजवळच्या एका खेड्यातली. पाचवीपासून बारावीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली राहिले. आता नांदेडला बीएस्सी करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माणसाविषयी कसं लिहायचं ते मला नीट येत नाही. पण बाईंविषयी लिहायचं मनात घर करून बसलं आहे, म्हणून लिहिते.

रविवार हा बाईंचा दिवस. जेवणं झाली की उन्हात सगळ्या मुलींची रांग बसायची, एकीमागं एक, प्रत्येकीनं पुढचीचं डोकं विंचरायचं. बाई रांगेत फिरायच्या. त्यांची बोटं केसांत शिरली की थांबायची ती नेमकी लिखेवरच. "ही बघ. ही बघ. ही तर आजी हाय, हिची नातवंडं कुठं गेली?" मुली हसून लोळायच्या. पहिल्यांदा आलेल्या मुलीला मात्र हसू यायचं नाही. तिला घरी कुणीतरी सांगितलेलं असायचं की उवा घाणेरड्या माणसाला होतात. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाई तिला म्हणायच्या, "रडू नको. जिथं मानसं जवळ झोपत्यात तिथं उवा होत्यात. कुणी जवळच नसंल तर कुठनं येतील?" मला हे वाक्य अजून आठवतं. मी स्वतः पहिल्या आठवड्यात ते ऐकलं होतं.

उवांवरचं सरकारी औषध कधी यायचं, कधी नाही. नाही आलं की बाई सीताफळाच्या बियांकडं वळायच्या. आमच्याकडच्या रानात सीताफळाला तोटा नाही. बिया वाळवून कुटायला त्यांनी वेगळा खलबत्ता ठेवला होता आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. ती पूड खोबरेल तेलात कालवून केसांना लावायची असेल, तर आधी मुलीच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घट्ट पट्टी. डोकं मागं टाकून धुवायचं, एक थेंब कपाळावर येता कामा नये. "डोक्यात गेलं तर दवा, डोळ्यात गेलं तर जहर," हे त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, जणू पहिल्यांदाच सांगत आहेत.

एकदा एका मुलीनं लाजेपोटी, कुणाला न सांगता, डोक्याला रॉकेल चोळलं. टाळूवर फोड आले, ताप आला, आणि ती काही कबूल करेना. सगळ्याजणी तिच्याभोवती उभ्या. बाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावलं नाही, म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "कुणी दिलं, कायले लावलं, मी इचारत न्हाई. काय लावलं तेवढं सांग. औषधाला औषध ठाव पायजे." ती मुलगी लगेच बोलली.

बाईंच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल होतं. लहानपणी ज्वारीचं पान लागलं होतं, त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळायचा. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. मी बारावीत असताना त्या उजव्या डोळ्याच्या कडा लाल दिसायला लागल्या. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. बाई ओल्या पदरानं त्या सोडवायच्या आणि म्हणायच्या, चुलीचा धूर आहे. मग धूळ झाली, मग रांजणवाडी झाली. रांजणवाडी बसायची आणि पुन्हा उठायची. औषधाच्या दुकानातून त्या थेंब आणायच्या, थोडे दिवस बरं वाटायचं. मग त्यांनी काळा चष्मा घेतला. मुलींनी 'हिरोईन' म्हणून चिडवलं, तर त्यांनी कमरेवर हात ठेवून दोन पावलं मिरवूनही दाखवलं. मी हसले. आत कुठंतरी मला भीती वाटत होती, पण विचारायचं कसं ते कळत नव्हतं. त्या कुणाला काही विचारू द्यायच्याच नाहीत.

म्हणून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचा फोन आला तेव्हा मी तास सोडून बाहेर आले. "मनीषे, नांदेडात डोळ्याचा चांगला डॉक्टर कोन हाय गं? मोतीबिंदू पिकलाय म्हनत्यात. काढून टाकावं म्हनते." बाईंनी मला काही विचारलं, ही पहिलीच वेळ होती.

नांदेड स्टेशनवर त्या गाडीतून उतरल्या तेव्हा मी समोरच उभी होते. त्या माझ्या अंगावरून पुढं गेल्या. मी हाक मारली तेव्हा वळल्या आणि म्हणाल्या, "गर्दी लई हाय बाई इथं." फलाटावर फारशी गर्दी नव्हती. रिक्षात बसताना त्यांचा पाय पायरीवर नीट पडला नाही. रिक्षावाला वयस्कर, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं आरशातून पाहून विचारलं, "क्या खाला, धूप नहीं और चष्मा? पिक्चर में काम करतीं क्या?" बाई म्हणाल्या, "करते ना. तुमच्या रिक्षात मरायचा सीन हाय. खड्डे बघून चला भाऊ." तो इतका हसला की पुढच्या खड्ड्यात रिक्षा गेलीच.

दवाखान्यात आधी भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाईंनी सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं आणि थांबल्या. "खालचं?" मदतनिसानं विचारलं. "खालचं सकाळी दिसतं मला," बाई म्हणाल्या. त्यानं हाताची बोटं धरून किती आहेत ते विचारलं. बाईंनी ठामपणे सांगितलं आणि ते चुकलं. मग त्या आमच्या डोक्यातल्या लिखा इतकी वर्षं कशा काढत होत्या? नंतर माझ्या ध्यानात आलं की त्या पाहत नव्हत्याच. बोटांनाच दिसत होतं.

डॉक्टर मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. यंत्रापुढं हनुवटी टेकवून बाईंना त्यांनी खाली बघायला सांगितलं आणि बराच वेळ पापण्यांचीच मुळं पाहत राहिल्या. मोतीबिंदूसाठी आलोय आणि ह्या पापण्याच का बघत आहेत, हे मला कळेना. मग त्या मला म्हणाल्या, "पापण्यांच्या मुळाशी बघ, प्रत्येक केसाला पांढरा मोजा घातल्यासारखं दिसतंय ना? हा कोंडा नाही." त्यांनी चिमट्यानं दोन-तीन पापण्या उपटल्या, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या. मी बीएस्सीची आहे असं मी आधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "ये, बघ."

मी पाहिलं. कॉलेजात आम्ही बऱ्याच गोष्टी पाहतो, पण त्या मेलेल्या असतात. हे हलत होतं. पापणीच्या मुळाशी लांबट, काचेसारखा जीव, डोक्याकडं आखूड पाय, आणि ते पाय हळूहळू चालत होते. एक नव्हता. मला आपोआप स्वतःचे डोळे चोळावेसे वाटले.

"काय हाय?" बाई यंत्राजवळूनच म्हणाल्या. "मनीषे, काय दिसलं गं?"

डॉक्टर मॅडमनीच सांगितलं, अगदी मायेनं, "घाबरू नका. हे अतिसूक्ष्म जीव असतात. आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर थोडेफार असतात, माझ्याही, हिच्याही. वय झालं की वाढतात. फार गर्दी झाली की पापणी सुजते, खाजते. उवांसारखंच समजा, फक्त डोळ्याला दिसत नाहीत."

बाईंनी डोक्यावरचा पदर हळूच पुढं ओढला. "मला?" त्या म्हणाल्या. "मला उवा?"

मॅडमनी इलाज समजावून सांगितला. सकाळ-संध्याकाळ गरम फडक्यानं शेकायचं, मग एका झाडाच्या तेलाचा अंश असलेल्या ओल्या पट्ट्या मिळतात, त्यांनी पापण्यांची मुळं हलक्या हातानं पुसायची. पट्ट्याच वापरायच्या. नुसतं तेल आणून लावायचं नाही, डोळा भाजतो. गोळी वजनाप्रमाणं घ्यायची आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यात धुवायचे. काजळ बंद. "आणि मोतीबिंदू?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी पापण्या. सुजलेल्या पापणीवर जंतू असतात. मी डोळा उघडला आणि ते आत गेले तर डोळा जाऊ शकतो. दुसरा डोळा असता तरी मी थांबले असते. यांना तर एकच आहे. दीड-दोन महिने लागतील."

"दोन महिने?" बाई म्हणाल्या. "उवा दोन पान्यात जात्यात."

"या जात नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. बाई हसल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी त्यांना चहाला नेलं. त्यांनी बशी हातात धरली आणि तशीच ठेवून दिली. "कुनाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकाच्या गयाबाईला बी न्हाई. पोरींना कळलं तर? म्हनतील, फणीबाईच्याच डोळ्यात उवा." मी म्हणाले, "बाई, उवा नाहीत त्या. आणि तुम्हीच आम्हाला सांगायच्या ना की जिथं माणसं जवळ…" माझं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "ते लेकरांसाठी असतंय. मी लेकरू हाय का?" इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

त्या परत गेल्या. मी रोज फोन करायचे. "पट्टी लावली का बाई?" "हाव, लावली." "शेक घेतला?" "घेऊन राहिले ना." आवाजावरून मला काही कळायचं नाही. दुसऱ्या बाजूला मुलींचा गलका, भांड्यांचा आवाज. बाईंना खोलीत एकटं बसून पापण्या पुसायला वेळ तरी कोण देणार? आणि खरं तर कुणाच्या नजरेला न पडता त्या हे करणार तरी कुठं? मी अभ्यासाला बसले की डोळ्यापुढं ते आखूड पाय चालायला लागायचे. माझी रूममेट शबाना देगलूरची, स्वभावानं मोकळी. ती म्हणायची, "तू रोज आरशात पापण्या बघतीस. डोळ्यात काय न्हाई गं, असली तर नुसती फिकीर हाय." मी तिला काही सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगू नको म्हटलं होतं.

एका रविवारी दुपारी गयाबाईंचा फोन आला. गयाबाई वसतिगृहात स्वयंपाक करतात. त्या सहसा फोन करत नाहीत, त्यांना पैसे जातील अशी भीती वाटते. "मनीषा, बाईंचे डोळे उघडून नाही राहिले. लई आग होऊन राहिली म्हनतात. शाळेच्या सरांच्या जीपमधी घेऊन येऊन राहिलो आम्ही. तू दवाखान्यात सांगून ठेव." मी विचारलं, काय झालं? "त्या काही सांगेनात. म्या नळाखाली बसवून डोळ्यावर पानी सोडलं, लई येळ."

मी दवाखान्यात गेले. रविवारचं बंद होतं, पण मॅडम वरच राहायच्या. त्या खाली आल्या, दार उघडून बसल्या. किनवटहून जीप यायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, तरी मी सारखी फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघत होते. एकच डोळा आहे, एकच डोळा आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाई आल्या त्या गयाबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून. चेहऱ्यावर ओलं फडकं. आधी मॅडमनी बधिर करणारा थेंब टाकला, तेव्हा कुठं पापणी जराशी उघडली. आत सगळं लालभडक.

"काय लावलं?" मॅडमनी विचारलं.

"काही न्हाई. कचरा गेला."

"आजी, कचऱ्यानं असं होत नाही. मला कळायला हवं. काय गेलंय त्याप्रमाणं मी धुणार."

बाईंनी फडकं पुन्हा डोळ्यावर ओढलं. गयाबाई माझ्याकडं बघत होत्या. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, मी कोण विचारणारी? पण वेळ जात होता, आणि प्रत्येक क्षणाला तो डोळा जळत होता. मी त्यांच्यापुढं खाली बसले. त्यांचा हात धरला. मला दुसरे शब्द सुचलेच नाहीत, त्यांचेच आले. "बाई, कायले लावलं ते मी इचारत न्हाई. काय लावलं तेवढं सांगा. औषधाला औषध ठाव पायजे."

त्यांची बोटं माझ्या मुठीत आखडली. मग त्या म्हणाल्या, "सीताफळ."

मॅडमचा हात हवेत थांबला. गयाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई! तुम्ही? तुम्हीच तर जहर म्हनता त्याला!"

"तेलात कालवून, काडीला कापूस लावून, नुसतं मुळाला लावलं," बाई म्हणाल्या. लहान मुलीसारखा आवाज. "डोळा गच्च मिटून धरला व्हता. माझा हात पक्का हाय. पन पानी आलं डोळ्याला, त्या पान्यासंगं आत गेलं. डॉक्टरबाई म्हनल्या, उवांसारखंच समजा. मग उवांचं औषध माझ्यापरीस कुनाला ठाव?"

मॅडमनी धुवायला सुरुवात केली होती. बाटलीमागून बाटली सलाईनचं पाणी सोडत होत्या. मधेच, वर न बघता म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी उवा म्हणायला नको होतं." मला त्यांच्याविषयी त्या क्षणी फार आदर वाटला. समजावून सांगायला म्हणून त्यांनी एक सोपा शब्द वापरला होता. ज्या बाईचं अर्धं आयुष्य त्या एका शब्दात गेलं होतं, तिच्यापुढं तो पडला.

बुबुळावरची वरची साल निघाली होती. मॅडम म्हणाल्या, ती बहुतेक वेळा पुन्हा भरून येते. 'बहुतेक' हा शब्द मी रूमवर जाईपर्यंत मनात घोळवत होते. गयाबाईंनी वेळेवर पाणी सोडलं म्हणून निदान एवढ्यावर थांबलं, असंही त्या म्हणाल्या. किनवटला परत पाठवायचं नाही, रोज तपासायला आणायचं. मग बाई कुठं राहणार? लातूरच्या भावाला फोन केला, तो म्हणाला येतो, पण बाईंनी मान हलवली. "लातूर लांब पडतं. मनीषाकडं ऱ्हाते. चालंल का गं?" चालेल का म्हणून विचारलं त्यांनी मला.

आमची खोली लहान. शबानानं आपली कॉट बाईंना दिली आणि स्वतः खाली अंथरलं. आता तिला सगळं सांगणं भागच होतं. मी सांगत असताना बाई पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. शबानानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इत्तीसी बात? माझ्या दादीला पण असंच होतं. बाई, मी अभ्रे उकळून देते, पण उकळता उकळता एखादा किडा मला सलाम करायला लागला तर मी पळून जाणार." बाईंच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. रडत आहेत की काय म्हणून मी घाबरले. त्या हसत होत्या. तेव्हापासून आमच्या उशा रोज आंघोळ करू लागल्या.

ते दिवस मला नीट लिहिता येणार नाहीत. मी कॉलेजात जायचे, तासाला बसायचे, आणि शिकवलेलं काही डोक्यात शिरायचं नाही. थेंबांच्या वेळा चुकतील या भीतीनं मी मोबाईलला गजर लावून ठेवले होते आणि गजराच्या आधीच उठून बसायचे. रोज दवाखान्यात मॅडम निळा उजेड टाकून बुबुळ बघायच्या, आणि मी त्यांच्या ओठांकडं बघायचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "भरलं." मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. पुढं त्या म्हणाल्या की मध्यभागाच्या जवळ थोडा धूसर डाग राहील. बाईंनी विचारलं, "पोरींची तोंडं दिसतील का?" "मोतीबिंदू काढल्यावर दिसायला हवीत," मॅडम म्हणाल्या. "आता पापण्यांचं काम सुरू. आणि ह्या वेळी हात हिचा."

मग मी रोज सकाळ-संध्याकाळ बाईंच्या पापण्या पुसू लागले. आधी शेक, मग पट्टी. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून एकेक केस पुसत होते, तर बाई म्हणाल्या, "अगं, बाभळीचा काटा काढून राहिलीस का? निवांत." मी पुसत असताना त्या डोळे मिटून बसायच्या आणि बोलायच्या. पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलल्या. लग्नानंतर सासरी त्यांच्या फूल पडलेल्या डोळ्यावरून सासू सकाळी तोंड बघायची नाही, शुभ कामाला पुढं होऊ द्यायची नाही. "तवाच ठरवलं, डोळ्यावरनं कुनाला काही बोलू द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हनून तुमच्यापासून लपवलं गं. धूर हाय, धूळ हाय. एकदा कळलं की मानूस डोळ्याकडंच बघतंय, आपल्याकडं बघतच न्हाई."

मी पट्टी बदलली आणि दुसऱ्या पापणीकडं वळले. मला तेव्हा त्यांच्या डोळ्याकडंच बघावं लागत होतं.

हळूहळू लाली उतरली. पापण्यांच्या मुळाचे ते पांढरे मोजे कमी झाले. मॅडमनी पुन्हा पापण्या उपटून काचेखाली ठेवल्या. ह्या वेळी मला बघायला बोलावलं तेव्हा माझा धीर होईना. बाईच म्हणाल्या, "बघ गं, नापास झाले का पास?" मी बघितलं. नुसती पापणी होती, मुळाशी स्वच्छ. मी काही बोलायच्या आधी बाईंना ते माझ्या श्वासावरूनच कळलं असावं. "झालं म्हनायचं," त्या म्हणाल्या. मॅडमनी बजावलं की हे पुन्हा वाढू शकतात, पापण्या आयुष्यभर पुसत राहायच्या. आणि ऑपरेशनचा दिवस ठरला.

मधल्या काळात शाळेनं दुसरी अधीक्षिका नेमली होती. बाईंची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची होती आणि रजा फार लांबली होती. हे मला गयाबाईंकडून कळलं. बाईंना कसं सांगावं ह्या विचारात मी दोन दिवस होते, तर त्याच म्हणाल्या, "नवी बाई कशी हाय म्हनं? तरुण हाय? बरं झालं. खलबत्ता मातर फेकून द्या म्हनावं." तेवढंच.

ऑपरेशन ज्या सकाळी होतं त्याच सकाळी माझा पेपर होता. बाईंचे भाऊ लातूरहून आले होते, ते दवाखान्यात थांबले. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर फोन लावला तर भावानं एवढंच सांगितलं, नीट झालंय, उद्या पट्टी सोडणार. दुसऱ्या दिवशीही पेपर होता. तो संपवून मी दवाखान्यात गेले तर ते निघून गेले होते, लातूरच्या बसला. मी रिक्षा करून बसस्थानकावर गेले.

बस लागलेली होती. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, डोळ्यांवर दवाखान्यातला मोठा काळा चष्मा. भाऊ पिशव्या वर ठेवत होता. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. "बाई," मी म्हणाले. धापा टाकत होते. रात्रभर मनात एकच प्रश्न होता, तोच आला. "दिसतंय ना?"

त्यांनी चष्मा काढला. "अक्का, चष्मा काढू नको म्हनले ना डॉक्टर," भाऊ ओरडला. त्यांनी ऐकलं नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. कपाळ, मग केस, मग तोंड. बराच वेळ बघत राहिल्या. ऑपरेशन फसलं का? त्या डागामुळं काहीच दिसत नाही का? मी पुन्हा विचारलं, "बाई, दिसतंय ना?"

"मनीषे," त्या म्हणाल्या, "तुला चष्मा हाय?"

"हाव, बाई."

"कवापासून?"

"कॉलेजला आले तेव्हापासून."

त्या इतके दिवस माझ्या खोलीत राहिल्या होत्या. रोज दोन वेळा माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. कंडक्टरनं बेल मारली, बस हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि उजवा हात वर चालला होता.

"बाई, डोळ्याला हात लावू नका!" मी ओरडले. "चोळायचं नाही!"

हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचा गज घट्ट धरला आणि पाणी तसंच गालांवरून वाहू दिलं. बस फाटकाबाहेर वळेपर्यंत त्या माझ्याकडं बघत होत्या.